जुने कॉम्प्युटर किलोवर विकू नका

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पत्र लांब झालंय, माफ करा. जागा नसेल तर मधलं कापा पण शेवटी जी मागणी केलीय ती तेवढी छापा, ती माझ्या एकट्याची नाही.

झालं असं की पावसाळा संपता संपता एक दिवस सकाळी आमच्या दुकानासमोर (लातूरला औसा रोडला आमचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे) भंगारवाल्याचा टेम्पो येऊन थांबला. ओळखीचा माणूस, मी कधी कधी त्याच्याकडून पार्ट घेतो म्हणून माल पुढं पाठवायच्या आधी एकदा आमच्याकडं दाखवून जातो. ताडपत्री काढली तर आत सगळे जुने सीपीयू, एकावर एक रचलेले, पिवळे पडलेले, मधी मधी मॉनिटर, त्यांच्या मागच्या नळ्या फोडून तांब्याची कॉइल आधीच काढून घेतलेली. जवळच्या एका कॉलेजचा डेडस्टॉक (वापरातून काढलेलं सामान) निघाला होता. म्हणला, "भैय्या, बगा काई कामाचं आसंल तर, नाईतर उद्याच्या गाडीत टाकूलालो." मी वर चढलो, तिसऱ्या थरात हात घातला आणि बोटाला टर्बोचं बटण लागलं.

ज्यांनी ते बटण दाबलंय त्यांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. सुरुवातीच्या पीसीचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ, त्या काळचे बरेच गेम तोच वेग धरून लिहिलेले, पुढं जास्त वेगाचे २८६ आले, ३८६ आले तर तेच गेम असे पळायला लागले की हातात सापडेनात. म्हणून कॅबिनेटला एक बटण दिलं, त्यानं मशीन पाहिजे तेव्हा मुद्दाम हळू करता यायचं. शेजारी छोट्या खिडकीत आकडे, बटण दाबलं की ते बदलायचे. आम्ही पोरं नुसते ते आकडे बदलताना बघायला बटण दाबायचो. आता हातात आलेलं मशीन ३८६ होतं, त्याला सव्वापाच इंची आणि साडेतीन इंची दोन्ही फ्लॉपी ड्राइव्ह (फ्लॉपी म्हणजे फाईली ठेवायची पातळ चकती) जागेवर, आणि कॅबिनेटच्या माथ्यावर कुंकवाचं एक बोट, वाळून काळं पडलेलं. खंडेनवमीला कोणीतरी झेंडूचं फूल ठेवून पूजा केली असणार. ११ किलो भरलं, ३३० रुपये दिले आणि उचलून आत आणलं.

साहेब, मी कॉम्प्युटर पहिल्यांदा बघितला १९९१ ला. बारावी झाली होती, त्या साली करडईचे पैसे बरे आले म्हणून दादांनी ६०० रुपये काढून दिले आणि लातुरात क्लासला घातलं. गंजगोलाईपासून चालत पंधरा मिनिटांवर एका वाड्याच्या माडीवर तो क्लास, चपला जिन्याखाली काढायच्या, पाय पुसायचे, मग काचेचा दरवाजा, आत एसी, लातूरच्या उन्हाळ्यात एसी आम्हाला तिथंच पहिल्यांदा कळला. तीन मशीन होती. दोन एक्सटी (पीसीचं जुनं मॉडेल), त्यांना हार्ड डिस्कच नाही, दोन फ्लॉपी ड्राइव्ह, वरच्यात डॉसची (मशीन चालवणारी मूळ प्रणाली) फ्लॉपी घालून चालू करायचं आणि खालच्यात आपली. तिसऱ्याला २० एमबीची हार्ड डिस्क, त्याला सरांशिवाय कोणी हात लावायचा नाही. एका मशीनवर तिघं बसायचे, एकजण टाईप करणार, दुसरा वहीत बघून सांगणार, तिसरा नुसता बघणार, दर वीस मिनिटाला जागा बदलायची. हिरवा पडदा, त्याच्यावर ए, कोलन, पुढं कंस आणि लुकलुकणारी रेघ. ती रेघ आपली वाट बघतीय असं वाटायचं मला, खरं सांगतो, अजूनही वाटतं.

लाईट कधी जाईल ह्याचा नेम नव्हता. जुन्या हार्ड डिस्कचं डोकं बंद करताना आपोआप बाजूला होत नसे, पार्क म्हणून कमांड द्यावी लागायची मगच मशीन बंद करायचं, नाहीतर डोकं चकतीवर टेकून तिथला डेटा जायची भीती. यूपीएस टूं टूं करायला लागला की सर असतील तिथून पळत यायचे आणि पार्क मारायचे. आम्हाला शिकवलेलं पहिलं काम काय असेल तर हेच, मशीन नीट झोपवायचं कसं.

शिकवायचे वर्डस्टार (मजकूर टाईप करायला), लोटस (हिशेबाचे तक्ते करायला), डीबेस (याद्या ठेवायला). कंट्रोल के एस, कंट्रोल के बी, कंट्रोल के के, बोटांना अजून पाठ आहे. आणि व्हायरस. आपल्या देशातला सगळ्यात गाजलेला व्हायरस कोणता माहिती आहे का, जोशी. १९९० च्या जूनमध्ये सापडला. फ्लॉपीच्या बूट सेक्टरला, म्हणजे मशीन चालू होताना आधी वाचलं जातं त्या भागाला बसायचा, वर्षभर गप्प आणि ५ जानेवारीला मशीन अडवून म्हणायचा, हॅपी बर्थडे जोशी असं टाईप करा. केल्याशिवाय पुढं जायचा नाही. १९९३ च्या ५ जानेवारीला आमच्या क्लासात तिन्ही मशीन अडली, आणि आमच्या बॅचला जोशी आडनावाचा खराच एक पोरगा होता, त्याला सगळ्यांनी उभं करून टाळ्या वाजवल्या. कोण जोशी, कुठला, आजपर्यंत कोणाला कळलं नाही. त्याच्याआधी १९८६ ला लाहोरच्या दोघा भावांनी ब्रेन नावाचा काढला होता, त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर सगळं घातलं होतं. तेव्हा व्हायरस सुद्धा हातोहात फ्लॉपीतून हिंडायचा, आणि सर कोणाची फ्लॉपी तपासल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालू द्यायचे नाहीत.

आता हे मशीन लातूरला कसं पोचलं त्याचीही गोष्ट आहे आणि ती मला लई मोलाची वाटते. १९७८ ला आयबीएम भारत सोडून गेली, फेरा (परकीय चलनाच्या) कायद्याप्रमाणं परदेशी कंपनीला आपला वाटा ४० टक्क्यांवर आणायचा होता ते त्यांना मान्य झालं नाही. सरकारी ईसीआयएल आधीपासून होतीच, मग एचसीएल, डीसीएम, विप्रो ह्यांनी आपापली मशीन काढली. तिकडं अमेरिकेत आयबीएमनं फ्लोरिडातल्या बोका रॅटन गावी डॉन एस्ट्रिज नावाच्या माणसाच्या हाताखाली एक छोटी टीम बसवली, त्यांनी साधारण वर्षभरात बाजारात मिळणारेच पार्ट जोडून मशीन उभं केलं, इंटेलचा ८०८८, मायक्रोसॉफ्टचं डॉस, आणि १२ ऑगस्ट १९८१ ला पीसी जाहीर केला. मॉडेल ५१५०. मुख्य गोष्ट ही की मशीन आतून कसं आहे ते त्यांनी पुस्तकात छापून दिलं, सर्किट, बायोसचा (मशीन चालू होताना त्याला जागं करणारा प्रोग्राम) कोड, सगळं. बायोस तेवढा कॉपीराईटचा. कॉम्पॅकनं तो न उतरवता, काम तेच करेल असा वेगळा लिहिला आणि १९८२ ला आपलं मशीन जाहीर केलं, मग दुसऱ्यांनी लिहिला, तैवानहून मदरबोर्ड यायला लागले, इकडं १९८४ च्या नोव्हेंबरात सरकारनं कॉम्प्युटरचं नवं धोरण आणून आयात सोपी केली, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्ट खोक्यात भरून रात्रीच्या गाडीनं लातूरला यायला लागले. असेम्बल्ड मशीन म्हणायचो आपण. एखादी कंपनी झाकून बसली असती तर करडई विकून शिकणाऱ्या पोराच्या हाताला कीबोर्ड लागला नसता असं मला वाटतं. एस्ट्रिज १९८५ ला डॅलसच्या विमान अपघातात गेले. क्लासच्या कुठल्याच पुस्तकात त्यांचं नाव नव्हतं, मला लई वर्षांनी कळलं.

आता मूळ गोष्टीला येतो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. तारीख मराठवाड्यात कोणाला सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं उशिरा झोपलेली. आमचं गाव औसा तालुक्यातच, घराची मागची भिंत पडली, माणसं वाचली. किल्लारी, सास्तूर त्या पट्ट्यात दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचं वजन, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. मी तेव्हा क्लासातच सरांच्या हाताखाली काम करत होतो. आठवड्याभरानं मदत करणाऱ्या एका संस्थेचे लोक सरांकडं आले, त्यांच्याकडं गावागावातून हातानं लिहून आणलेल्या याद्या होत्या, फुलस्केप कागद, पावसात भिजलेले, शाई पसरलेली. म्हणले, हे टाईप करून द्या, एकाच घराला दोनदा तंबू जायलेत आणि एखाद्याला एकदाही नाही.

सरांनी त्याच वर्षी पुण्याहून जिस्ट कार्ड आणलेलं होतं. आजच्या पोरांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो. तेव्हा कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. आयआयटी कानपूरला काम सुरू झालं, पुढं पुण्यात १९८८ ला सी-डॅक निघाली तिथं ते वाढलं, आणि एक कार्ड तयार झालं, ते मशीनच्या आत स्लॉटमध्ये बसवायचं की डॉसच्या कुठल्याही प्रोग्राममध्ये, डीबेस म्हणा लोटस म्हणा, पडद्यावर मराठी उमटायचं. कीबोर्डवर चिकटवायला स्टिकर, इनस्क्रिप्टचा कीबोर्ड, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. पहिल्यांदा त्या पडद्यावर "लातूर" उमटलं तेव्हा सरांनी सगळ्यांना पेढा दिला होता.

त्या कार्डावर आम्ही अकरा रात्री याद्या टाईप केल्या. दोघं दोघं, पाळी लावून, एकजण वाचणार एकजण टाईप करणार, लाईट गेली की जनरेटर. रकाने असे होते: गाव, घरप्रमुखाचं नाव, घरात माणसं किती होती, आता किती आहेत, जनावरं, तंबू मिळाला का. चौथ्या रकान्यात शून्य आलं की वाचणारा थांबायचा. मग घरप्रमुख कोणाचं नाव लिहायचं हा प्रश्न असायचा, सर म्हणले होते, जे कागदावर आहे तेच टाकायचं, नाव गाळायचं नाही. मी १९ वर्षांचा होतो. शून्याची कळ एवढ्या वेळा दाबलीय त्या अकरा रात्रीत.

काम झाल्यावर फ्लॉप्या संस्थेनं नेल्या. एक कॉपी सरांनी मला ठेवायला दिली, सव्वापाच इंची, ३६० केबीची, काळी, पांढऱ्या कागदी पाकिटात. ती मी ट्रंकेत ठेवली. मधल्या काळात काय काय झालं, मी आडत बाजारात फॉक्सप्रोत बिलाचे प्रोग्राम लिहिले, हमाली, तोलाई, आडत, वजा जाता शेतकऱ्याला द्यायची पट्टी, डॉट मॅट्रिक्सवर तीन कार्बनात करकर करत निघायची. सन २००० च्या आधी डिसेंबरात गोलाईतली तीसेक दुकानं हिंडून तारखा दुरुस्त केल्या, सेट सेंच्युरी ऑन, म्हणजे वर्ष चार आकडी. नंतर लग्नपत्रिकेचं डीटीपी केलं, पत्रिकेची फाईल एका फ्लॉपीत मावायची नाही, तिचे तुकडे करून तीन फ्लॉप्या एसटीच्या कंडक्टरकडं देऊन सोलापूरला प्रेसला पाठवायचो, तिथून एसटीडीवर फोन यायचा, तिसरी उघडंना. अबॉर्ट, रिट्राय, फेल. मग रात्रीच्या गाडीनं स्वतः जायचं. पुढं एमएस-सीआयटीचे क्लास आले, पेन ड्राइव्ह आला, आणि सव्वापाच इंची ड्राइव्ह लातुरात कोणाकडंच राहिला नाही. फ्लॉपी माझ्याकडं होती, पण ती वाचायला मशीन नव्हतं.

म्हणून टेम्पोतलं ते ३८६ मी उचललं.

ते चालू करायला सोळा दिवस लागले. उघडलं तर मदरबोर्डवरची बॅटरी फुटलेली. त्या काळच्या बोर्डावर निकेल-कॅडमियमची गोल बॅटरी झाळून बसवलेली असायची, घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवायला. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती पाझरते, आणि त्या पाण्यानं तांब्याचे बारीक ट्रॅक खाऊन टाकलेले असतात, वरून बघितलं तर हिरवट पांढरी भुकटी, जणू काही बुरशी. बॅटरी आधी कापून काढली. ती भुकटी अल्कली असते म्हणून तिला व्हिनेगर लावायचं, कानात घालायच्या कापसाच्या काडीनं थोडं थोडं, मग आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुवायचं, वाळवायचं. धुतल्यावर कळलं की कीबोर्डकडं जाणारे चार ट्रॅक पार गेलेत. भिंग लावून, केसासारखी तार घेऊन चारही जोडले. पॉवर सप्लायचे दोन कपॅसिटर फुगले होते ते बदलले. मग मॉनिटर लावून बटण दाबलं.

मेमरी मोजायचा आवाज आला. टिक टिक टिक टिक. साहेब, आमचा मुलगा दुकानात होता, तो इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणला बाबा काय झालं, मला बोलता येईना.

हार्ड डिस्क कोणती हे मशीन विसरलेलं, बॅटरीच नाही तर लक्षात कसं राहणार. डिस्कच्या लेबलवर ९७७, ५, १७ असे आकडे होते, सिलिंडर, हेड, सेक्टर, तो बायोसच्या यादीतला टाईप १७, तो निवडला आणि ४० एमबीची डिस्क उठून बसली. आत कॉलेजच्या पोरांचे बेसिक भाषेतले प्रोग्राम, टेबल छापायचे, प्राइम नंबर काढायचे. कोणीतरी रेम ओळीत (प्रोग्राममध्ये नुसती नोंद लिहायची ओळ) लिहून ठेवलेलं, सर आज आले नाहीत.

मग ट्रंकेतली फ्लॉपी काढली. खिडकीतून चकती हळू हळू फिरवून सगळी बघितली, बुरशी नव्हती, आपल्याकडची कोरडी हवा ह्या एका बाबतीत उपकाराची. कडेच्या खाचेवर स्टिकर लावला म्हणजे चुकून काही लिहिलं जायला नको. ड्राइव्हचं हेड पुसलं. घातली, खटका लावला, डीआयआर मारलं, म्हणजे फाईलींची यादी मागवली. घर्रर्र, थांबली, परत घर्रर्र. अकरा फाईली आल्या, रात्रीला एक. नऊ पूर्ण निघाल्या, दोनमध्ये मधले सेक्टर गेलेत, त्या अजून जमल्या नाहीत.

फाईल उघडली तर पडद्यावर मराठीचं एक अक्षर नाही. नुसत्या उभ्या आडव्या रेघा, कोपरे, चौकटीचे तुकडे, कोणी रांगोळी मोडून टाकावी तसं. कारण जिस्ट कार्ड नाही. ह्याचं गणित असं आहे की तेव्हा मराठी इस्की नावाच्या कोडात साठवायचे, प्रत्येक अक्षराला एक नंबर, क म्हणजे १७९, म म्हणजे २०४, र म्हणजे २०७. आणि त्याच नंबरांवर डॉसनं चौकट काढायच्या रेघा ठेवलेल्या आहेत. कार्ड असलं तर २०४ चा म होणार, नसलं तर उभ्या-आडव्या दुहेरी रेघांचा तुकडा. "मराठी" हा शब्द म्हणजे २०४, २०७, २१८, १९०, २२०, पाच तुकडे. मी कागदावर तक्ता केला, फाईल साडेतीन इंची फ्लॉपीवर घेऊन यूएसबी ड्राइव्हनं लॅपटॉपवर आणली, मुलानं तक्त्यावरून प्रोग्राम लिहिला, नंबर वाचायचा आणि आजच्या युनिकोडमधलं अक्षर टाकायचं. युनिकोडनं देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे त्यामुळं काम अवघड गेलं नाही, एक संध्याकाळ. रेघांचे तुकडे गेले आणि नावं आली. गावं आली. चौथा रकाना आला.

ही यादी मी कुठं टाकलेली नाही आणि टाकणारही नाही, ती लोकांच्या घरातली गोष्ट आहे. पण एक सांगतो. त्या पट्ट्यातल्या एक मावशी नातवाचा लॅपटॉप घेऊन दुकानात आल्या होत्या, बोलता बोलता माहेर कुठलं ते निघालं, मी विचारलं मावशी बघायचं का तुम्हाला. त्या खुर्चीवर बसल्या, मी गाव शोधून दिलं, त्या बोट लावून एक एक ओळ खाली आल्या आणि थांबल्या. म्हणल्या, "नाव चुकलंय. ळ पायजे, ल झालाय. पण घर आमचंच हाय." ते मीच टाईप केलं असेल किंवा माझ्या जोडीदारानं, रात्री दोन-तीन वाजता. मी म्हणलं नीट करतो. त्या म्हणल्या एक जुनं तसंच दे आन् एक नीट केलेलं दे. दोन्ही कागद त्यांनी घडी करून पिशवीत ठेवले.

आता मागणी.

आपल्याकडं जुन्या कॉम्प्युटरविषयी बोललं की लोक बालपणीच्या आठवणी म्हणून ऐकतात, आठवणी आहेतच, मलाही आहेत, वर लिहिल्यात. पण १९९० ते २००५ च्या आसपास मराठीत जे कॉम्प्युटरवर लिहिलं गेलं ते आधी जिस्टमध्ये, मग श्रीलिपी, आकृती, आयएसएम असल्या वेगवेगळ्या फॉन्टात, प्रत्येकाचा नंबर वेगळा, आणि ते सगळं फ्लॉपीत, जुन्या हार्ड डिस्कमध्ये, लिहून जुन्या झालेल्या सीडीत अडकून पडलंय. इंग्रजी फाईल चाळीस वर्षांनी पण उघडली की वाचता येते. मराठी येत नाही. तिला ते मशीन लागतं नाहीतर तो फॉन्ट तरी लागतो. कॉलेजचे वार्षिक अंक, ग्रामपंचायतीच्या याद्या, साखर कारखान्याचे सभासद, प्राध्यापकांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या, लग्नपत्रिका सुद्धा, कोणाच्या घरात कोण होतं ते पत्रिकेत असतं. आणि आपण ते किलोवर विकायलोय.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. सरकारी ऑफिस, शाळा, कॉलेज, बँका, कारखाने ह्यांनी डेडस्टॉकचं निर्लेखन करताना आधी मशीन एकदा चालू करून बघावं, आत काय आहे ते काढून घ्यावं, मगच लिलाव. ई-कचऱ्याचे नियम २०११ पासून आहेत, मशीन कोणाकडं द्यायचं ते त्यात लिहिलंय, मग त्याच्याआधी आतला मराठी मजकूर बाहेर काढायचा एवढा एक ठराव व्हायला काय हरकत आहे. दुसरं, प्रत्येक जिल्ह्यात एका ठिकाणी, जिल्हा ग्रंथालयात म्हणा नाहीतर विद्यापीठाच्या उपकेंद्रात म्हणा, एक खोली असावी, तिथं एक एक्सटी, एक ३८६, एक पेंटियम, दोन्ही मापाचे ड्राइव्ह, एक जिस्ट कार्ड, एक डॉट मॅट्रिक्स, सगळं चालू हालतीत, काचेत ठेवलेलं नको. चालू ठेवायला माणूस लागतो, तो माणूस आहे, मी आहे, माझ्यासारखे नांदेडला, परभणीला, संभाजीनगरला जुने रिपेअरिंगवाले अजून आहेत, पण सगळे पन्नाशीच्या पुढं गेलेत आणि पोरांना हे कोणी शिकवत नाही.

तेरला जे लामतुरे संग्रहालय आहे ते रामलिंगप्पा लामतुरे ह्या एका माणसानं गावाच्या पांढरीत, शेतात सापडलेली खापरं, मणी, मातीच्या मूर्ती गोळा केल्या म्हणून उभं राहिलं. गावातल्या बाकी लोकांच्या नांगराला लागून तेच तुकडे निघत होते. त्यातून आज आपल्याला कळतं की सातवाहनांच्या काळात तेरचा माल रोमपर्यंत जात होता. मी दोन महिन्यांपूर्वी परत जाऊन आलो, त्या खापरांसमोर बराच वेळ उभा होतो.

आणि एक विनंती खास तुम्हाला. तुमच्या पेपरचं पान पण नव्वदच्या दशकात खिळ्यांवरून कॉम्प्युटरवर गेलं असणार. त्या वेळच्या फ्लॉप्या, डिस्क ऑफिसात कुठल्या कपाटात पडल्या असतील तर टाकू नका. मी येतो, माझं ३८६ घेऊन येतो, एसटीनं आणता येतं. पैसे नकोत.

आपला,
१९९१ पासूनचा वाचक,
लातूर

ता. क. ज्यांच्याकडं सव्वापाच इंची फ्लॉप्या आहेत त्यांनी खिडकीतून चकती बघावी. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, ती स्वतः पण जाते आणि हेड घाण करून पुढच्या सगळ्या खराब करते. कागदी पाकिटात, स्पीकरपासून लांब, उन्हाच्या भिंतीला न लावता उभी ठेवा. आणि कोणाकडं जिस्ट कार्ड असेल, बंद पडलेलं सुद्धा, तर तुमच्या पेपरमार्फत कळवावं. दोन फाईली अजून अर्ध्या आहेत, त्यातली नावं मला त्याच पडद्यावर लावून बघायची आहेत.